जेवण होईपर्यंत

फोनवर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. गेल्या वसंतात तुमच्याकडे बाण लागलेली, पण नंतर न सापडलेली अस्वलं किती?

माणसं आधी गप्प व्हायची. मग कुणी हसायचं. एकाने विचारलं, तुम्ही प्राण्यांच्या संघटनेकडून बोलताय का? मी म्हटलं, नाही, नवऱ्यासाठी शिकार निवडते आहे. दुसरा म्हणाला, मॅडम, आमच्याकडे शंभर टक्के संधी आहे. संधी म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की अस्वल बाणाच्या टप्प्यात येणार याची खात्री. पुढचं शिकाऱ्याच्या हातात.

मी औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र करते. किती रुग्णांना औषध दिलं आणि किती बरे झाले, या दोन आकड्यांची गल्लत होऊ न देण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे शंभर टक्के संधी मी बाजूला ठेवली आणि पुढचा नंबर लावला.

प्रश्न मुळात अतुलचा होता. विचारण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

अतुलनी धनुष्य हातात घेतलं ते पन्नाशीनंतर. ऑफिसमधला एक सहकारी त्यांना टेक्सासमधल्या आमच्या प्लेनो गावाबाहेरच्या एका मैदानावर घेऊन गेला आणि हे तिथेच रमले. कप्प्यांवरून दोरी जाणारं आधुनिक धनुष्य, दोरी सोडायला मनगटावर बांधायचा एक चाप, आणि शनिवारची सकाळ. मला त्याची अडचण नव्हती. इतर नवरे त्या वेळात शेअर बाजार बघायचे. दोन हिवाळे त्यांनी हरणांची शिकार केली, दोन्ही वेळा हरणं जागेवर पडली. मांस त्यांनी स्वतः रांधलं. मी मांस खात नाही, पण कुकरच्या शिट्या मोजून दिल्या.

मागच्या नोव्हेंबरात त्यांनी एका हरणीला बाण मारला आणि तो हातभर मागे गेला. छातीऐवजी पोटात. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत दिसले, पलीकडे दिसले नाहीत. रजा टाकून ते दुसऱ्या दिवशीही काट्याकुट्यांत फिरले. घरी आले तेव्हा धनुष्य कपाटात सूटकेसच्या मागे उभं करून ठेवलं आणि जेवताना एवढंच म्हणाले, "पोटातला बाण घेऊन ती किती वेळ चालली असेल?" अंदाज मला होता.

बाण मागे का गेला ते जानेवारीत कळलं. उजव्या खांद्याचा स्नायूबंध फाटत आला होता. दोरी ओढताना खांदा आयत्या वेळी ढिला पडत होता. सर्जनने ऑपरेशनसाठी जुलै दिला आणि सांगितलं, त्यानंतर टेनिस कदाचित, धनुष्य नाही.

हॉस्पिटलमधून परतताना गाडी मी चालवत होते. हायवेला लागल्यावर अतुल म्हणाले, "म्हणजे माझा शेवटचा बाण तो."

"असं कशाला मोजायचं?"

"तू म्हणतेस?" ते म्हणाले. "तू?"

आठवड्याभराने त्यांनी विषय काढला. एक बाण नीट मारायचा होता. जनावर लगेच जावं आणि सापडावं. मग धनुष्य विकून टाकायचं. हरणांचा हंगाम शरद ऋतूत असतो, म्हणजे ऑपरेशननंतर. वसंतात मोठं जनावर म्हणजे अस्वल. मी म्हटलं, टेक्सासमध्ये रानडुकरं बाराही महिने चालतात. ते म्हणाले, "डुकरांना इथे लोक हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. त्यात नीट काय मारायचं?"

"मग निवडा अस्वल."

"तू निवड. मी निवडलं तर फोटो बघून निवडीन."

खरं होतं ते. त्यांनी आधीच मोंटानाचे फोटो काढून ठेवले होते. बर्फ वितळलेले हिरवे उतार, त्यांवर चरणारं अस्वल, आणि वाऱ्याचा अंदाज घेत खालून चढणारा माणूस. दिसायला सुंदर होतं. पण उघड्या उतारावर धनुष्याच्या टप्प्यात पोचणं अवघड, अंतर जास्त, धाप लागलेली, आणि अस्वल कुठल्या क्षणी वळेल ते सांगता येत नाही. ढिल्या खांद्याच्या माणसाने तिथे जाणं म्हणजे पुन्हा नोव्हेंबरसारखं होण्याची तयारी करूनच जाणं. दुसरी पद्धत आयडाहोतली. जंगलात एक पिंप ठेवतात, त्यात खाणं. अस्वल तिथे येतं, थांबतं, खातं. माणूस जवळच्या झाडावर बसलेला असतो. नर की मादी, मागे पिल्लं आहेत का, हे बघायला वेळ मिळतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीत सगळ्यात लहान येत होतं.

"आमिष दाखवून मारायचं?" अतुल म्हणाले.

"आमिष निरामिष आहे. शिळे डोनट, पाव, पॉपकॉर्न."

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "डोनट खाता खाता मरायचं. काय मरण आहे."

"हरणीचं कसं होतं?"

ते उठून आत गेले. बोलले त्याचं मला वाईट वाटलं नाही. आवाज जरा कमी ठेवायला हवा होता, एवढं वाटलं.

डोना भेटली ती बऱ्याच फोननंतर. आयडाहोच्या उत्तर टोकाला ती आणि तिचा भाऊ असे दोघेच शिकाऱ्यांना घेऊन जायचे. माझा प्रश्न ऐकून ती थांबली नाही. "दोन," म्हणाली. "एकाला बाण पाठीवर उंच लागला. ते बहुतेक जगलं असेल. दुसऱ्याचं मला माहीत नाही. त्या ओढ्याकडे गेले की अजून बघते." मग तिने मला प्रश्न विचारले. कुठला खांदा? किती पौंडांचं धनुष्य? बसून मारायची सवय आहे का? शेवटी तिने तिचा नियम सांगितला. रक्त दिसलं आणि अस्वल सापडलं नाही, तर तुमची शिकार संपली. दुसरं मिळणार नाही, आणि रागावायचं नाही.

"चालेल," मी म्हटलं. नवऱ्याला विचारलं नाही.

मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा असतो तिथे, ही बातमी कुणी फोडली कोण जाणे. मंडळातला केदार हातात प्लेट घेऊन आला. "अतुल, यार, लोक या वयात गोल्फ घेतात."

"गोल्फला खांदा लागतो."

"आणि अस्वलाला?"

"अस्वल स्वतः चालत येतं."

"वहिनी, सावजी मसाला देऊ का पॅक करून? नागपुरी माणूस अस्वलसुद्धा सावजीच करणार." मी म्हटलं, द्या, आधी अस्वलाला विचारून घेऊ.

सिया, आमची मुलगी, दूर पूर्वेकडे श्रूजबरीला असते. तिला मी स्वतःच सांगितलं.

"आई, यू आर हेल्पिंग हिम?"

"मी फक्त निवडून देते आहे."

"दॅट्स हेल्पिंग." मग तिने विचारलं, "विल इट सफर?"

"कमीत कमी व्हावं म्हणूनच मी निवडते आहे."

"दॅट्स नॉट अ नो."

"नाही," मी म्हटलं. "नाहीये."

मी सोबत जाईन असं आधी ठरलेलं नव्हतं. पण शिडी चढून गेल्यावर धनुष्य दोराने वर ओढून घ्यावं लागतं आणि तेवढ्यानेच अतुलचा खांदा दमला असता. डोनाकडे दोन माणसांची बैठक होती. झाडाला टेकवलेली उंच शिडी, वर पत्र्याचा बाक, पुढे आडवी दांडी, आणि कमरेला पट्टा. अतुलनी ती बघितली आणि म्हणाले, "मचाण." डोनाला तो शब्द आवडला. ती दिवसभर म्हणत होती, मशान. मशान म्हणजे स्मशान, तसं म्हणू नका, हे तिला समजावून सांगायला अतुलना बराच वेळ लागला.

मेचा शेवट होता. डोंगरमाथ्यावर बर्फ आणि खाली देवदारांमध्ये ओली, हिरवी सावली. दुपारी डोना आम्हाला ट्रकने आणून सोडायची आणि अंधार पडताना न्यायला यायची. तिकडे त्या दिवसांत उजेड फार उशिरापर्यंत रेंगाळतो. समोर, अंगणातल्या तुळशीएवढ्या अंतरावर म्हणता येणार नाही, पण पलीकडच्या घराच्या दाराएवढ्या अंतरावर ते निळं पिंप साखळीने झाडाला बांधलेलं. वारा वळला की तळणीच्या तेलाचा आणि साखरेचा वास यायचा. बेकरीच्या मागच्या गल्लीत येतो तसा.

पहिल्याच संध्याकाळी अस्वल आलं. यांना काळी अस्वलं म्हणतात, पण हे दालचिनीच्या रंगाचं होतं. मोठं डोकं, लहान वाटणारे कान. डोनाने कॅमेऱ्यात आधी पाहून ठेवलेला नर तो हाच. पावलांचा आवाज झाला नाही. जिथे काही नव्हतं तिथे ते होतं. त्याने पिंपात हात घातला, पावाच्या लादीचा एक तुकडा बाहेर काढला आणि मागचे पाय पसरून जमिनीवर बसलं. पाव दोन्ही पंजांत धरून खाऊ लागलं. एक तुकडा खाली पडला, तो त्याने वाकून उचलला.

त्याची कूस पूर्ण आमच्याकडे होती. पुढचा पाय पुढे होता. डोनाने कागदावर काढून दाखवलेलं चित्र असावं, तसं. मी अतुलकडे पाहिलं. चाप दोरीला लावलेला होता. हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला. अस्वलाचं खाऊन झालं, ते उठलं आणि निघून गेलं.

ट्रकमध्ये डोनाने विचारलं, "आलं नाही?"

"आलं," अतुल म्हणाले.

"मग? वळलं? पिल्लं होती?"

"जेवत होतं."

डोनाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

केबिनमध्ये आल्यावर मी बोलले. "इतक्या जवळ, इतकं शांत बसलेलं जनावर तुम्हाला जगात दुसरीकडे मिळणार नाही. त्यासाठीच ही जागा निवडली. हे प्लेनोत सांगायचं होतं."

"प्लेनोत मला माहीत नव्हतं." ते बुटाच्या नाड्या डाव्या हाताने सोडत होते. "त्याने तो खाली पडलेला तुकडा उचलला बघ. त्यानंतर मला जमेना. भरल्या ताटावरून उठवणं आहे हे."

"ते अस्वल आहे."

"हो ना. मी कुठे माणूस म्हणतोय?" मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. सासरे वर्धा जिल्ह्यात फौजदार होते हे मला माहीत होतं, पण हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. वॉरंट घेऊन कुणाच्या दारात गेले आणि तो माणूस जेवायला बसलेला असला, तर ते बाहेर ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. बरोबरच्या शिपायांनाही बसवायचे.

"चोर असला तरी?"

"चोर असला तरी. एकदा तर खुनी होता."

"आणि मग सोडून द्यायचे?"

"सोडून कशाला देतील? नोकरी होती." अतुलना माझा प्रश्न विचित्र वाटला. "जेवण होईपर्यंत थांबायचे. त्याने हात धुतले की बेड्या."

मला त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसली. त्यांना अस्वल सोडायचं नव्हतं. त्यांना ते नीट मारायचंच होतं, आणि नीट या शब्दात आता आणखी एक अट आली होती. माझ्या हिशेबात ती अट नव्हती. दोन्ही अटी एकत्र बसतात का, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता.

पुढच्या संध्याकाळी मी अस्वलाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. कसं खातं ते सोडून दिलं, खाऊन झाल्यावर काय करतं ते बघत राहिले. ते उठायचं, नाक वर करून वास घ्यायचं आणि उजवीकडे आडव्या पडलेल्या एका जुन्या देवदाराच्या कडेने खाली ओढ्याकडे जायचं. पाणी प्यायला असणार. इतकं गोड खाल्ल्यावर कुणालाही तहान लागेल. त्याच्या पाठोपाठ एक लहान काळं अस्वल येऊन खाऊन गेलं, तेही त्याच वाटेने. तिथली माती तुडवून गुळगुळीत झालेली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस असूनही तो नर पुन्हा तसाच गेला, चालण्यात घाई नाही, पोट हलत होतं.

मी डोनाला सांगितलं. बाक पिंपाकडे तोंड करून आहे, तो त्या आडव्या झाडाकडे वळवता येईल का?

डोना ट्रकच्या फळीवर बसून सँडविच खात होती. "माझ्याकडे आलेली माणसं थंडीने कुडकुडली आहेत," ती म्हणाली. "एक जण मचाणावर घोरला. जेवण होऊ द्या म्हणणारा हा पहिला." तिने खाणं थांबवलं नाही, पण विचार करत होती. "पिंपापाशी ते थांबलेलं असतं. तिथे ते चालत असेल. चालत्या जनावराला मी यांना बाण मारू देणार नाही."

"मीही देणार नाही."

"मग कुणीतरी आवाज करायचा. शीळ घाला, बकरीसारखं ओरडा, काहीही. अनोळखी आवाज आला की ते थांबतं आणि बघतं. तेवढाच वेळ." तिने अतुलकडे पाहिलं. "दोरी ताणलेली असताना तुम्हाला जमेल?"

अतुलनी खरं ते सांगितलं. ताणून धरल्यावर दातांवर दात असतात, तोंड उघडलं तर खांदा सुटतो. म्हणजे आवाज मी करायचा.

मला हे नको होतं. मी निवडायला आले होते, मग धनुष्य ओढून द्यायला वर चढले, आणि आता ज्या जनावराबद्दल इतके फोन केले त्याला थांबवण्याचं काम माझ्याकडे आलं. शिवाय अंतर थोडं वाढत होतं. ही जागा मी ज्या कारणासाठी घेतली ते कारणच मी स्वतःच्या हाताने पातळ करत होते. केबिनमागे डोनाने गवताचं लक्ष्य तेवढ्याच अंतरावर ठेवलं. अतुलनी बाकावर बसून बाण मारले, खांद्याला झेपतील तेवढेच. सगळे एका बशीत मावतील असे लागले. मग मी माझी अट घातली. ते थांबलं नाही तर दोरी परत आणायची. थांबलं पण तिरकं थांबलं, तरी परत आणायची.

"कबूल," अतुल म्हणाले.

"आणि उद्या विमान आहे, म्हणून घाई नाही."

"अगं, कबूल म्हटलं ना."

त्या संध्याकाळी वारा पडला होता. डोनाने शिडी त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला हलवली होती. आम्ही पिंपाकडे पाठ करून बसलो होतो, म्हणून ते आल्याचं आधी कानाने कळलं. साखळी वाजली. मग खाण्याचा आवाज. आम्ही दोघं समोरच्या शेवाळलेल्या खोडाकडे बघत पाठीमागे चाललेलं ते जेवण ऐकत होतो. अतुलचा श्वास सावकाश चालला होता. कुणाच्या तरी घरी वेळेआधी पोचल्यावर आपण बाहेरच्या खोलीत बसतो, तसे बसलो होतो.

आवाज थांबला. थोड्या वेळाने ते उजव्या बाजूने माझ्या नजरेत आलं. जीभ ओठांवरून फिरवत होतं. अतुलनी दोरी ओढली. त्यांच्या घशातून अगदी बारीक आवाज आला, दुखल्याचा. मला माहीत होतं की ते फार वेळ धरू शकणार नाहीत. अस्वल आडव्या खोडापाशी आलं, पुढे चाललं, दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरलं. आता.

मी शीळ घालायची असं ठरवलं होतं. दुपारी केबिनमागे घालून बघितली होती. ओठ जुळवले तर ते कोरडे होते, नुसती हवा गेली. मग माझ्या तोंडून निघालं, "अहो."

हळू आवाजात. भाजी घ्यायची राहिली, किंवा वळण चुकलं, की म्हणते तसं. लिहिताना मी त्यांचं नाव लिहिते, लोकांशी इंग्रजीत बोलतानाही येतं. मराठीत, त्यांच्या तोंडावर, ते मी लग्न झाल्यापासून घेतलेलं नाही. कुणालाही थांबवायला माझ्याकडे तेवढा एकच शब्द आहे, आणि तो आजवर एकाच माणसासाठी वापरलेला.

अस्वल थांबलं. मान वळवून त्याने वर पाहिलं. डोळे लहान, तपकिरी, आणि भीती नसलेले. आणि त्याच वेळी मला बाजूला जाणवलं की अतुलही थांबले आहेत. त्यांचं कोपर किंचित पुढे आलं. दोरी परत चालली होती. त्यांना वाटलं, मी त्यांना थांबवते आहे.

मला काही बोलता आलं असतं. नाही, तुम्हाला नाही, असं. पण आणखी एक शब्द आणि अस्वल गेलं असतं. मी हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. काय अर्थ घ्यायचा ते त्यांच्यावर होतं.

कोपर पुन्हा मागे गेलं. मग दोरी सुटल्याचा आवाज, आणि त्याहून मऊ असा दुसरा आवाज.

अस्वल झेपावलं, खोडावरून पलीकडे गेलं. फांद्या मोडल्या. मग शांत. मग ओढ्याच्या बाजूने एक लांब, खालच्या सुरातला आवाज आला, म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा, पण संपता संपेना. डोनाने आधी सांगून ठेवलं होतं. तो आवाज आला तर समजा, छातीत लागला आणि ते तिथेच आहे. ऐकायला वाईट वाटेल. सगळ्यांना वाटतं. आवाज थांबला तेव्हा माझा हात अजून त्यांच्या गुडघ्यावरच होता.

बऱ्याच वेळाने अतुल म्हणाले, "तू मला थांबवत होतीस?"

"नाही. त्याला."

"अहो म्हणालीस."

"दुसरं काही निघालं नाही."

त्यांचा उजवा हात बाकावर पडला होता, तो त्यांना उचलता येत नव्हता. "आधी वाटलं, नको म्हणते आहेस. मग गुडघा दाबलास. तेव्हा वाटलं, नको म्हणायचं असतं तर ही टेक्सासमध्येच म्हणाली असती."

डोना आली. टॉर्चची गरज पडली नाही. पडलेल्या खोडाच्या पलीकडे, ओढ्याच्या आधीच ते उताणं नाही, कुशीवर पडलेलं होतं, झोपल्यासारखं नाही, पडल्यासारखंच. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला होता. अतुल खाली बसले. त्यांनी डावा हात त्याच्या मानेवरच्या केसांत घातला आणि तसेच बसले. मला जेवढं माहीत आहे त्यावरून सांगते, त्याला कळलं असेल, पण फार वेळ नाही. सियाला मी तेच सांगितलं, आणि शून्य म्हणून सांगितलं नाही.

मग काम सुरू झालं. अतुलचा एक हात निकामी होता, म्हणून डोनाने मला मागचा पाय धरायला सांगितला. मी धरला. तळवा उघडा, काळसर, सुरकुत्यांचा, टाच आणि बोटं असलेला आणि अजून कोमट होता. संख्याशास्त्राकडे वळण्याआधी मी प्रयोगशाळेत बरंच काही हातात धरलेलं आहे. हे त्यांतलं नव्हतं. डोना सुरी चालवत म्हणाली, "हे नीट शिजवा हं, आतून जराही लाल ठेवू नका." मी म्हटलं, माहीत आहे, कृमी असतात, तापमानही माहीत आहे. "असणारच," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तुम्ही त्याला काय म्हणालात? अतुल सांगतात, शब्द होता."

मी सांगितलं.

"अर्थ काय?"

"म्हणजे... ऐका जरा. आदराने."

"आणि ते थांबलं."

"थांबलं."

"पुढच्या शिकाऱ्याला शिकवते," डोना म्हणाली आणि तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मचाणापेक्षा बरा जमला.

परत जाताना ट्रकमध्ये मागे आम्ही दोघं होतो. अतुलचा हात मी माझ्या ओढणीने गळ्यात बांधून दिला होता. मागच्या फळीवर मांस कापडी पिशव्यांत होतं. रस्ता खडबडीत होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा आक्रसायचा.

"एक प्रॉब्लेम झाला," ते म्हणाले.

"काय?"

"अहो म्हटल्यावर मी थांबलो नाही. आता पुढे तुझा माझ्यावर काय भरवसा? शिवाय तो शब्द त्याच्या नावावर गेला."

"मग?"

"मग काय. दुसरं काहीतरी शोध."

डोना पुढे आरशातून बघत होती, पण तिला काही कळण्याजोगं नव्हतं. मी त्यांचं नाव मनात एकदा म्हणून पाहिलं. तीनच अक्षरं होती, अवघड काही नव्हतं.

"अतुल," मी म्हटलं.

ते लगेच वळले नाहीत. मान वळवली की खांदा दुखत होता. समोर बघतच, शाळेत हजेरीला म्हणतात तसं ते म्हणाले, "ओ."